वाहनांचा धूर आणि मुलांचा दमा

वार्षिक अहवालात हिशेबपत्रकांसोबत आरोग्याच्या एखाद्या विषयाची सविस्तर माहिती देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा विश्वस्त मंडळाने वाहनांचा धूर आणि मुलांचा दमा हा विषय सुचविला. लेखाचे संकलन प्रशासनाने केले असले, तरी त्यातील वैद्यकीय भाग आमच्या बालरोग विभागातील डॉक्टरांनी वाचून तपासून दिला आहे.

या विषयाचे प्रयोजन थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. रात्री-अपरात्री धाप लागलेले मूल पालक आमच्याकडे घेऊन येतात. नेब्युलायझर, प्राणवायू, औषधे यांनी त्याला उतार पडतो आणि एक-दोन दिवसांत ते हसतखेळत घरी जाते. काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा येते. औषध, खाट आणि परिचर्या या गोष्टी देणगीदारांच्या कृपेने आम्ही उपलब्ध करून देऊ शकतो. परंतु ज्या हवेत ते मूल परत जाते, ती हवा रुग्णालयाच्या हाती नसते. त्या हवेविषयी पालकांना नेमकी माहिती देणे मात्र निश्चितच आमच्या हाती आहे आणि ते उपचाराचेच अंग आहे, असे आमचे मत आहे.

दमा म्हणजे काय?

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन विकार आहे. या विकारात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते आणि त्या नेहमीपेक्षा अधिक संवेदनशील झालेल्या असतात. धूळ, धूर, परागकण, सर्दीचे विषाणू, थंड हवा किंवा तीव्र वास यांपैकी एखाद्या गोष्टीचा संपर्क आला की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ साठतो आणि हवेचा मार्ग अरुंद होतो. त्यातून खोकला, छातीत घरघर, धाप आणि छाती भरून येणे ही लक्षणे दिसतात. रात्री आणि पहाटे त्रास वाढणे हे दम्याचे नेहमीचे लक्षण आहे.

दमा एका कारणाने होत नाही. आनुवंशिकता, ॲलर्जी, अंथरुणातील सूक्ष्म किडे, झुरळे, घरातील ओल, विडी-सिगारेटचा व चुलीचा धूर या सर्वांचा त्यात वाटा असतो. वाहनांचा धूर हे त्यांतील एक कारण आहे. परंतु शहरात ते दररोज, बारा महिने आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या वाट्याला येते, म्हणून त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

धुरात असते तरी काय?

वाहनाच्या धुरात मुख्यत्वे तीन प्रकारचे घटक श्वसनास अपायकारक असतात. पहिला घटक सूक्ष्म धूलिकणांचा. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असलेले हे कण डोक्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस आणि कफ त्यांना पुरते अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. डिझेलच्या काजळीत तर याहून कितीतरी लहान कण असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर अनेक विषारी द्रव्ये चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत केली.

दुसरा घटक नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू. इंजिनातील प्रचंड उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांतील हा वायू श्वासनलिकांच्या अस्तराचा दाह करतो. तिसरा घटक ओझोन. तो नळकांड्यातून बाहेर पडत नाही. धुरातील वायूंवर कडक ऊन पडले की हवेतच तयार होतो.

या घटकांचे दोन परिणाम होतात. आधीच सुजलेल्या श्वासनलिका धुराने अधिक चिडतात. शिवाय परागकण किंवा धूळ यांची ॲलर्जी ज्याला आहे, त्याच्या शरीराची प्रतिक्रिया डिझेलच्या कणांच्या संगतीत अधिक तीव्र होते. म्हणूनच एरवी साध्या शिंकांवर भागले असते, तेथे धुराच्या रस्त्यावर मुलाला धाप लागते.

मुलांनाच अधिक त्रास का?

प्रौढ व्यक्ती शांत बसलेली असताना मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेते. तीन-चार वर्षांचे मूल २० ते ३० वेळा घेते. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा, आणि त्या हवेतील विष, आत घेत असते. मुले पळतात, खेळतात आणि दमली की तोंडाने श्वास घेतात. त्यामुळे नाकाची गाळणीही निरुपयोगी ठरते. त्यांची उंचीही वाहनांच्या धुराच्या नळकांड्याच्या जवळपास असते.

मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुपटीने वाढत नाही, तो सुमारे सोळा पटींनी वाढतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढी सूज लहान मुलाला रुग्णालयात का आणते, याचे उत्तर या नियमात आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांची फुप्फुसे अजून घडत असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत वायुकोशांची संख्या झपाट्याने वाढते आणि फुप्फुसांची क्षमता वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत वाढत राहते. या काळात जेवढी क्षमता जमा होते, त्याच भांडवलावर पुढचे आयुष्य काढायचे असते. प्रौढ वयात ती केवळ घटत जाते.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरील सर्वांत विश्वसनीय अभ्यासांत अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासाची गणना होते. लॉस एंजेलिस आणि परिसरातील १२ वस्त्यांमधील १,७५९ मुलांची फुप्फुसांची क्षमता सुमारे दहा वर्षांच्या वयापासून अठराव्या वर्षापर्यंत सलग आठ वर्षे मोजली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अठराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता चिंताजनकरीत्या कमी असलेल्या मुलांचे प्रमाण सर्वाधिक सूक्ष्म धूलिकण असलेल्या वस्तीत सर्वांत स्वच्छ वस्तीच्या जवळजवळ पाचपट होते. २००७ मध्ये याच संशोधकांनी दाखवून दिले की द्रुतगती मार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत कमी झाली होती. म्हणजे शहर कोणते याइतकेच, घर रस्त्यापासून किती दूर हेही महत्त्वाचे आहे.

त्याच वर्षी लंडनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या ६० प्रौढ व्यक्तींना एके दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि दुसऱ्या दिवशी जवळच्याच हाइड पार्क या उद्यानात दोन तास चालविण्यात आले. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्या भागात केवळ डिझेलवरील बस व टॅक्सी यांनाच प्रवेश होता. त्या रस्त्यावर चालल्यानंतर फुप्फुसांची क्षमता ६.१ टक्क्यांपर्यंत घटली. उद्यानातील घट त्याहून बरीच कमी होती. माणसे तीच, चालणेही तेवढेच. बदलली होती ती हवा.

आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वतीने कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील अकरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तपासणी केली. त्यांपैकी ४३.५ टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होते. दिल्लीच्या हवेत वाहनांखेरीज इतर अनेक कारणांचा धूर असतो, हे ध्यानात ठेवूनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी परळ, चेंबूर, खार आणि ग्रामीण भाग यांतील रहिवाशांच्या श्वसनविकारांची तुलना सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच सुरू केली होती. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, हे यावरून दिसते.

धूर असलेला दमा वाढवितो, याबद्दल आता वैज्ञानिकांत दुमत नाही. निरोगी मुलात तो नव्याने दमा निर्माण करतो काय, याविषयीही पुरावा बळकट होत गेला आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, जगभरात दरवर्षी मुलांमध्ये नव्याने होणाऱ्या दम्यापैकी सुमारे ४० लाख, म्हणजे १३ टक्के, रुग्ण नायट्रोजन डायऑक्साइडशी निगडित आहेत. यांतील बहुसंख्य मुले त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आतील हवेत राहत होती. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. भारताचे २००९ मधील मानक ४० मायक्रोग्रॅमचे आहे.

लंडनच्या एका मुलीची कथा

आकडेवारीमागे माणसे असतात. लंडनच्या लुइशॅम भागात साउथ सर्क्युलर या अखंड वाहत्या रस्त्यालगत एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी आपल्या आईसह राहत असे. तिला तीव्र स्वरूपाचा दमा होता. सुमारे अडीच वर्षांच्या काळात तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे मृत्यूची नव्याने चौकशी झाली. डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकारी फिलिप बार्लो यांनी निर्णय दिला की वायुप्रदूषणाने तिच्या मृत्यूस मोठा हातभार लावला होता. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची अशी नोंद होण्याची ती पहिली वेळ होती.

या निर्णयातील एक भाग प्रत्येक रुग्णालयाने वाचावा असा आहे. वायुप्रदूषण आणि दमा यांच्या संबंधाची माहिती एलाच्या आईला कोणी दिलीच नव्हती. ती मिळाली असती तर तिने अशी पावले उचलली असती की ज्यांमुळे हा मृत्यू कदाचित टळला असता, असे त्या निर्णयात नमूद आहे. तिच्यावर उपचार करणारी रुग्णालये सुसज्ज होती. माहिती मात्र घरापर्यंत पोहोचली नव्हती.

हवा सुधारली तर?

हा सारा मजकूर वाचून निराश होण्याचे कारण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात इंधनाचे नियम, ट्रकांवरील निर्बंध आणि बंदरांतील सुधारणा यांमुळे हवा हळूहळू स्वच्छ होत गेली. त्याच वस्त्यांतील मुलांच्या तीन पिढ्यांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची क्षमता चिंताजनकरीत्या कमी असलेल्या मुलांचे प्रमाण १९९४ ते १९९८ मधील गटात ७.९ टक्के होते. १९९७ ते २००१ मधील गटात ते ६.३ टक्के आणि २००७ ते २०११ मधील गटात ३.६ टक्के झाले. दमा असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मुलांना लाभ झाला.

याउलट लंडनमध्ये २००८ पासून जड डिझेल वाहनांवर निर्बंध आले. परंतु नायट्रोजन डायऑक्साइड फारसा घटला नाही. पूर्व लंडनमधील आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत त्या काळात फुप्फुसांच्या क्षमतेतही सुधारणा दिसली नाही. उपाय पुरेसे कडक असतील तरच मुलांच्या छातीपर्यंत त्यांचा लाभ पोहोचतो, असा याचा अर्थ आहे.

आपल्याकडेही काही पावले निश्चित पडली आहेत. २००० साली देशात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्लीतील बसगाड्या २००२ अखेर सीएनजीवर आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा मानक लागू झाले आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. मात्र वाहनांची संख्या सतत वाढते आहे, जुनी व देखभाल नसलेली वाहने रस्त्यावर आहेत आणि कोंडीत अडकलेले वाहन एका जागी उभे राहून धूर सोडत असते. त्यामुळे प्रत्येक वाहन स्वच्छ झाले तरी रस्ता तेवढ्या प्रमाणात स्वच्छ होत नाही.

पालकांसाठी काही सूचना

१. डॉक्टरांनी दिलेले दररोजचे प्रतिबंधक औषध मुलाला बरे वाटू लागले म्हणून बंद करू नये. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहे. आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम औषध असते; इनहेलरच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पटींनी कमी असते आणि थेट श्वासनलिकेत पोहोचते. लहान मुलांना इनहेलर स्पेसरसहच द्यावा.

२. शाळेत जाण्यासाठी हमरस्त्याऐवजी आतील गल्लीचा मार्ग असेल तर तो निवडावा. रस्त्यापासून थोडे दूर गेले तरी धुराचे प्रमाण झपाट्याने कमी होते. दुचाकीवर मुलाला पुढे उभे करून गर्दीच्या रस्त्याने नेणे शक्यतो टाळावे. चौकात बस किंवा ट्रकच्या मागे न थांबता अंतर ठेवावे.

३. घर रस्त्यालगत असल्यास रहदारीच्या ऐन वेळी रस्त्याकडील खिडक्या बंद ठेवून मागील बाजूच्या उघडाव्यात. मुलाचे अंथरूण मागील खोलीत घालावे. दुपारी रहदारी कमी असताना घर हवेशीर करावे.

४. हिवाळ्यात सकाळी व रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत राहतो आणि धूर वर जात नाही. या दिवसांत मैदानी खेळ ऊन चढल्यावर घ्यावेत. हवेचा निर्देशांक केंद्रीय मंडळाच्या 'समीर' या मोबाइल ॲपवर पाहता येतो. तो २०० च्या वर असेल तर दमा असलेल्या मुलाने बाहेर धावपळ करू नये.

५. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-९५ मुखपट्टी लहान मुलांच्या चेहऱ्यावर नीट बसत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

६. घरात विडी-सिगारेट ओढू नये. चूल असल्यास स्वयंपाकाच्या वेळी मुलाला दूर ठेवावे. बाहेरच्या धुरावर आपला ताबा नसतो, तेव्हा घरातील धूर तरी टाळावा.

७. मूल एका दमात वाक्य पूर्ण करू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलरने उतार पडत नसेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात आणावे. तेथे पोहोचेपर्यंत सांगितल्याप्रमाणे इनहेलर देत राहावे.

रस्त्यालगतच्या घरात राहणे ही कोणाची हौस नसते. भाडे परवडते तेथे कुटुंब राहते आणि पोटापाण्याचा व्यवसाय जेथे असतो तेथेच मुले वाढतात, हे आम्ही जाणतो. त्यामुळे वरील सूचनांपैकी जेवढ्या शक्य असतील तेवढ्याच पाळाव्यात. न जमलेल्या गोष्टींचा दोष पालकांनी स्वतःकडे घेऊ नये.

संस्थेची आणि समाजाची जबाबदारी

हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर धुराचा खर्च विचित्र रीतीने वाटला जातो. धूर सोडणाऱ्याच्या खात्यावर तो पडत नाही. तो पडतो मुलाच्या बुडालेल्या शाळेवर, आईच्या किंवा वडिलांच्या बुडालेल्या रोजंदारीवर, औषधांच्या बिलावर आणि अखेरीस आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या मोफत व सवलतीच्या उपचार निधीवर. या निधीतून एका मुलाचा पुन्हा होणारा प्रवेश टळला तर तीच रक्कम दुसऱ्या मुलाच्या कामी येते.

या विचाराने बालरोग विभागाच्या केसपेपरवर चार प्रश्न समाविष्ट केले आहेत : घर मोठ्या रस्त्यापासून किती अंतरावर आहे, मूल शाळेत कोणत्या मार्गाने व कशाने जाते, स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि घरात कोणी धूम्रपान करते काय. उत्तरांनुसार डॉक्टर व परिचारिका पालकांना घरी जाण्यापूर्वी समजावून सांगतात. इनहेलर व स्पेसर वापरण्याची पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली जाते आणि पालकांकडून करून घेतली जाते. रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी थांबणाऱ्या सर्व वाहनांनी इंजिन बंद ठेवावे असा नियम केला असून, रिक्षाचालक बांधवांनी त्यास चांगले सहकार्य दिले आहे, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

देणगीदारांना आमची विनंती दुहेरी आहे. गरजू मुलांना दररोजचे प्रतिबंधक औषध व स्पेसर वर्षभर मिळावेत, यासाठी उपचार निधीस आपले साहाय्य असावे. दम्याच्या मुलाला रुग्णालयाबाहेर ठेवण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्याबरोबरच आपल्यापैकी अनेकांच्या मालकीची वाहने आहेत, काहींच्या मालमोटारी व शालेय बसही आहेत. त्यांची वेळेवर देखभाल, वैध पीयूसी प्रमाणपत्र आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या वाहनाचे बंद इंजिन, एवढ्या गोष्टींना देणगीइतकेच मोल आहे. तिची पावती आम्ही देऊ शकणार नाही. पण तिचा लाभ मात्र नावगाव ठाऊक नसलेल्या कित्येक मुलांना रोज मिळत राहील.

पालकांना या विषयी काही शंका असल्यास त्यांनी बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण वेळेत अवश्य विचारणा करावी. विचारलेला कोणताही प्रश्न लहान समजला जाणार नाही.

रुग्णालय प्रशासन